धाव

आमच्या वावरापासून पक्का रस्ता सव्वा किलोमीटरवर आहे. धामणगाव रेल्वेहून निघालं की गावापर्यंत डांबर, गावातून पुढं थोडं सिमेंट, आणि मग उरते ती पांदण, वावरांकडची कच्ची वाट. उन्हाळ्यात तिच्यात घोट्यापर्यंत फुफाटा असतो. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की त्याच फुफाट्याचा चिखल होतो, आणि तो चिखल दिवाळीपर्यंत कुणाचं ऐकत नाही.

आमची जमीन भारी, काळी. वऱ्हाडात हे अभिमानानं सांगण्याची रीत आहे. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि सुकलं की आक्रसतं. म्हणून वैशाखात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि श्रावणात त्याच जमिनीत पाय टाकला की चप्पल आतच राहते. जी माती पऱ्हाटीच्या मुळाशी महिनाभर ओल धरून ठेवते, तीच माती चाकालाही धरून ठेवते. पिकासाठी जो गुण, तोच वाटेसाठी दोष. या एका गोष्टीनं आमच्याकडच्या तीन पिढ्यांची चाकं ठरवली.

आम्ही गाडी घेतली ती २०१२ साली, जुनी. त्याआधी सात वर्षं, मे २००५ मध्ये, टाटा मोटर्सनं ‘एस’ नावाची छोटी मालवाहू गाडी बाजारात आणली होती. पुण्यात गिरीश वाघ यांच्या चमूनं ती घडवली. दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं डिझेल इंजिन, १६ अश्वशक्ती, १२ इंची चाकं आणि पाऊण टनाचा भार. लोकांनी तिचं नाव ठेवलं छोटा हत्ती, आणि पुढं त्या आकाराच्या प्रत्येक गाडीला तेच नाव चिकटलं. तिच्या जन्माच्या हकिकतीत एक गोष्ट नेहमी सांगतात. चमूतली माणसं मालवाहू तीनचाकीवाल्यांना भेटत फिरत होती, तेव्हा एकानं सांगितलं की चार चाकांची गाडी असली तर गावात आपलं लग्न जुळायला सोपं जाईल. मला ही गोष्ट फार खरी वाटते. खेड्यात चाक हे नुसतं चाक कधीच नसतं. माणूस कुठपर्यंत पोचू शकतो, हे गावाला त्यावरून कळतं.

आमची गाडीही त्याच वर्गातली, दोन सिलिंडरची, बारा इंची चाकांची. डांबरावर तिनं आम्हाला फार दिलं. सोयाबीनचे कट्टे बाजार समितीत न्यायचे, परतताना ढेप आणि खत आणायचं, कुणाची बाळंतीण दवाखान्यात पोचवायची, कुणाच्या लग्नातली भांडी आणायची. गाडी आली तसा आम्हाला वेळ मिळाला. बैलबंडीनं ज्या कामाला अर्धा दिवस जायचा, ते चहा थंड व्हायच्या आत होऊ लागलं.

पण पांदणीत तिचं काही चालायचं नाही. चाकं लहान, पोट जमिनीला लागून. दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा गाडीच्या पोटाला घासायचा आणि मागची चाकं जागच्या जागी फिरायची. खाली रबराचा वास, वर इंजिनाचा आक्रोश, आणि गाडी हलत नाही. मग ट्रॅक्टरवाल्याला फोन करायचा, साखळी लावायची, त्याला डिझेलचे पैसे द्यायचे. एका खरिपात हे सहा वेळा झालं तेव्हा मी ठरवलं की टायर मोठे टाकायचे.

त्या वेळी आमच्या भागात बरेच जण हे करत होते. कुणी एक नंबर मोठा टायर टाके, कुणी रिमच बदले, कुणी पाट्यांच्या खाली ठोकळा देऊन गाडी उंच करे. यात हौस नव्हती असं नाही. मोठ्या चाकाची गाडी रुबाबदार दिसते. पण माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना ती हौस पांदणीनंच लावली होती.

टायरच्या दुकानात मी जुना टायर नीट वाचला. टायरच्या अंगावर त्याची सगळी कुंडली असते. १४५ म्हणजे रुंदी, मिलिमीटरमध्ये. आर म्हणजे रेडियल, आतल्या दोऱ्यांची ठेवण. १२ म्हणजे रिमचा व्यास, इंचात. एका कडेला चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. टायर कधी जन्मला ते त्यावरून कळतं. मी त्याच्याऐवजी १६५ चे, १३ इंची रिमचे चार टायर निवडले. रिमही बदलल्या. दुकानातला पोरगा टायर चढवत होता तेव्हा मी एक सुतळी घेतली, आधी जुन्या टायरभोवती गुंडाळली, गाठ मारली, मग नव्या टायरभोवती गुंडाळून दुसरी गाठ मारली. पहिली गाठ एक मीटर सत्तर सेंटिमीटरवर आली, दुसरी एक मीटर अठ्ठ्याऐंशीवर. मध्ये जेमतेम वीतभर सुतळी. मला ती वीत फार मोठी वाटली. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला आपण वीतभर पुढं जाणार, असं मनात आलं आणि ती सुतळी मी खिशात घातली.

गाडी खाली उतरली तेव्हा खरोखर वेगळी दिसत होती. मडगार्डमधली पोकळी भरली होती. घरी आलो तर आईनं हळदकुंकू लावलं. घरातले वडीलधारे मोठेबाबा ओसरीवरून उठून आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि चाकावर हात ठेवून म्हणाले, “मोठं चाक बरं असते. मोठं चाक खड्डा पाहात नाई.”

ते आपल्या आयुष्यातून बोलत होते.

*

मोठेबाबांचं आयुष्य बंडीवर गेलं. आमच्या गोठ्याच्या भिंतीला आजही एक लोखंडी कडं टेकून उभं आहे. ही धाव. बंडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवतात, तिला आपल्या भाषेत धाव म्हणतात. चाक ज्यावर धावतं ती धाव. टायर हा शब्द आमच्या गावात यायच्या कितीतरी आधीपासून टायरला आमच्याकडे हे नाव होतं.

मी सात-आठ वर्षांचा असताना धाव चढवताना पाहिली आहे. सुताराचं काम झालेलं असायचं. मधला तुंबा, त्यातून निघालेले आरे, आऱ्यांच्या टोकांना जोडलेले पुठ्ठे, असं लाकडाचं गोल तयार. तरी ते अजून चाक नव्हतं, कारण प्रत्येक जोड थोडा हलत असे. मग लोहाराच्या अंगणात गोवऱ्यांचं रिंगण पेटवायचं. त्यात धाव ठेवायची. ती आधी काळी, मग जांभळी, मग लाल होई. लाल झाली की लोखंड फुगलेलं असे. तिघं जण सांडशींनी तिला उचलत, चाकावर ठेवत, आणि घणानं एकेका बाजूनं बसवत. लाकडाला धाव लागे तसा धूर उठे, क्षणभर ज्वाळा निघे, आणि लगेच घागरीनं पाणी. त्या पाण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. लोखंड थंड होताना आक्रसायचं आणि आक्रसताना सगळ्या चाकाला आवळायचं. आरे तुंब्यात कचकन बसायचे. एकही खिळा न मारता चाकाचं एकजीव अंग व्हायचं. उन्हाळ्यात लाकूड वाळलं आणि धाव सैल झाली की चाक रात्रभर नाल्यात टाकून ठेवायचं. लाकूड पाणी पिऊन फुगे आणि धाव पुन्हा घट्ट होई.

ते चाक माझ्या छातीपेक्षा उंच होतं. आणि तसंच ते हवं होतं. छोटं चाक खड्ड्यात पडलं की खड्ड्याच्या भिंतीला समोरून धडकतं. मोठं चाक त्याच खड्ड्याच्या दोन काठांना टेकत वरून जातं. चिखलातही मोठं चाक जमिनीला जास्त लांबीवर टेकतं, म्हणून कमी रुततं. बैलांना ओढ कमी पडते. मोठेबाबांच्या तळहाताला हे पुस्तकाशिवाय माहीत होतं. मोठं चाक बरं असतं, हे त्यांचं वाक्य बंडीच्या बाबतीत शंभर टक्के खरं होतं.

म्हणूनच मीही ते बिनदिक्कत मानलं.

*

पहिला महिना बरा गेला. पांदणीत गाडीचं पोट घासेना. आम्ही वावरापर्यंत तीनदा गेलो, अडकलो एकदाच. मग भाद्रपदातला जोराचा पाऊस झाला आणि गाडी पुन्हा तिथंच अडकली, पूर्वी अडकायची त्याच लिंबाजवळ. मी उतरून चाक पाहिलं. टायरच्या खाचांत चिखल भरून सगळा टायर गुळगुळीत झाला होता. मोठा टायर होता, पण त्याला पकड नव्हती.

त्या दिवशी चिखलात उभा असताना एक विचार मनात आला तो आजवर गेलेला नाही. बैलजोडीची ताकद साधारण एक अश्वशक्ती धरतात. आमच्या गाडीचं इंजिन म्हणजे पंधरा-सोळा बैलजोड्या. त्या सगळ्या जोड्या या लिंबाजवळ हरल्या आणि मोठेबाबांची एक जोडी याच जागेवरून भरली बंडी घेऊन जात असे. म्हणजे कमतरता ताकदीची नव्हती. बैल पाय उचलतो, पुढं ठेवतो, खालच्या घट्ट मातीपर्यंत खूर जाऊ देतो आणि मग जोर लावतो. चाक मात्र एकाच जागी फिरून त्या जागेचं लोणी करतं. बैल जमिनीला विचारून जोर लावतो. इंजिन न विचारता लावतं.

खरी गोष्ट कळली ती रब्बीनंतर. चणा घेऊन यवतमाळला निघालो होतो. धामणगावहून बाभूळगावमार्गे यवतमाळकडे जाताना जमीन चढत जाते. पूर्वी जिथं गाडी चौथ्या गिअरमध्ये गुणगुणत जाई, तिथं तिसरा टाकावा लागला. जिथं तिसरा चाले, तिथं दुसरा. सात क्विंटलचा भार, म्हणजे काही जास्त नाही. चढावर थांबून पुन्हा उचलताना क्लच अर्धवट सोडून धरावा लागत होता. दुसऱ्या वेळी केबिनमध्ये तो वास आला, जळक्या दोरखंडासारखा, नाकात बसणारा. तिसऱ्या वेळी क्लच प्लेट गेली. चण्याचे कट्टे रस्त्याच्या कडेला उतरवून मी दुपारभर बसलो होतो.

त्या प्लेटचं काम ज्या मिस्त्रींनी केलं, ते साठीच्या पुढचे होते. त्यांनी मला रागावलं नाही. गाडीच्या चाकाचा नट खोलायला त्यांनी माझ्या हातात पाना दिला आणि विचारलं, “पाना कुठी धरतं भाऊ तू?”

मी म्हणालो, “शेवटी.”

“कायले शेवटी?”

“जोर कमी लागते म्हणून.”

“आता नटापाशी धरून फिरव.”

मी नटाजवळ, अगदी बुडाशी पाना धरला. सगळं अंग टाकलं तरी नट हलेना.

“बस,” ते म्हणाले. “इंजिन असंच बुडाशी धरते. ते चाकाले मधातून फिरवते आन् रस्ता हाये शेवटी. तुवा चाक मोठं केलं म्हंजे पाना लांब केला, पन धरलं बुडाशीच. मंग इंजिनाचा जीव जाईन नाई त काय होईन?”

एवढ्या वर्षांत यंत्राबद्दल इतकं स्वच्छ मला कुणी सांगितलं नव्हतं. घरी येऊन मी त्या सुतळीवरून हिशोब मांडला. चाकाचा घेर एक दशांशानं वाढला, म्हणजे रस्त्यावर पोचणारी ओढ साधारण तेवढ्यानं घटली. सोळातला दीड घोडा मी त्या दिवशी दुकानातच ठेवून आलो होतो. ब्रेकचंही तेच, ड्रम तेवढाच, पण त्याला आता लांब हाताचं चाक थांबवायचं. वेग दाखवणारा काटा ४० दाखवे तेव्हा गाडी ४४ नं जात असे. किलोमीटरचा आकडाही कमी भरत असे, म्हणून डिझेलचा ॲव्हरेज होता त्याहून जास्त घसरल्यासारखा दिसे. आणि मिळालं काय? चाकाचा व्यास वाढला त्याच्या निम्म्यानंच गाडी उंच होते. निम्मा म्हणजे तीन सेंटिमीटर. मी बोटं आडवी धरून पाहिली. दोन बोटं.

दोन बोटं उंचीसाठी मी इंजिनाची एक दशांश ओढ दिली होती.

*

मग मोठेबाबांचं वाक्य खोटं होतं का? याच प्रश्नात मी बरेच दिवस होतो. शेवटी उलगडलं ते असं, की मोठेबाबा आणि मिस्त्री दोघंही खरं बोलत होते, फक्त दोन वेगळ्या चाकांबद्दल. बंडीचं चाक स्वतः काही करत नाही. त्याला बैल ओढतात, ते नुसतं फिरतं. ओढल्या जाणाऱ्या चाकाला मोठेपण हे सुख आहे. गाडीच्या मागच्या चाकाला कुणी ओढत नाही. तेच जमिनीला मागं ढकलून सगळी गाडी पुढं नेतं. जे चाक स्वतः फिरून भार नेतं, त्याला मोठेपण हे ओझं आहे.

आमच्या रक्तात पहिल्या चाकाचं ज्ञान होतं आणि ते आम्ही दुसऱ्या चाकाला लावलं. हे केवळ टायरपुरतं खरं आहे असं मला वाटत नाही. एकत्र कुटुंबात, चार भावांच्या शेतात, ज्या गोष्टी मोठ्या असाव्यात असं वडीलधारे सांगत, त्या गोष्टींना ओढणारे हात घरात होते. मोठं लग्न, मोठं घर, मोठा शब्द. तीच मापं घेऊन आम्ही वेगळे निघालो आणि एकट्याच्या इंजिनावर चढवली. गावात कर्जानं मोडलेली जी माणसं मी पाहिली, त्यांतली कितीतरी उधळी नव्हती. त्यांनी चाक बापाच्या मापाचं ठेवलं होतं आणि ओढणारं कुणी राहिलं नव्हतं.

मोठं चाक छोट्या इंजिनाला चालतच नाही असंही नाही. ट्रॅक्टर पाहा. त्याची मागची चाकं माणसाएवढी. पण ट्रॅक्टरच्या आत दातेरी चाकांची अशी रांग असते की इंजिन पुष्कळ वेळा फिरतं तेव्हा मागचं चाक एकदा फिरतं. त्यानं वेग देऊन ओढ घेतली आहे. आमच्या गाडीतही क्राऊन-पिनियन बदलून तसं करता आलं असतं, पण मग डांबरावरचा तिचा वेग गेला असता, आणि ज्या वेळासाठी ती घेतली तो वेळच हातून गेला असता. यंत्रात फुकट काही मिळत नाही. एका हातानं घेतलं की दुसऱ्या हातानं द्यावं लागतं, आणि काय द्यायचं हे आधीच ठरवलेलं बरं.

कायद्याचीही बाजू आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ घडणीत मनाजोगता बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच अधिक कडकपणे सांगितलं. आमच्याकडे हे बहुतेकांना अपघातानंतर, विम्याच्या कागदासमोर कळतं. मला ते आधी कळलं, हे माझं भाग्य.

*

आमच्या तालुक्याच्या नावातच रेल्वे आहे. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली ती याच वाटेनं, बडनेरा, धामणगाव, पुलगाव, वर्धा करत. त्याच्या थोडं आधी, १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, तिथला कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला होता आणि साऱ्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर खिळली होती. ही रेल्वे आली ती मुख्यतः कापसाच्या ओढीनं. पुढं धामणगावात जिनिंग आले, बाजार भरला, गाव वाढलं.

लहानपणी फलाटावर उभं राहून मी इंजिनाची चाकं पाहत असे. एवढी लांब गाडी ओढणाऱ्या इंजिनाची चाकं बंडीच्या चाकाहून लहान आहेत, हे मला तेव्हा कोडं वाटे. आता वाटत नाही. रेल्वेनं चाक वाढवलं नाही, वाट पक्की केली. खडी टाकली, स्लीपर टाकले, त्यावर पोलादाचा रूळ टाकला. वाट पक्की असली की चाकाला लहान राहता येतं आणि सगळी ताकद ओझ्याच्या कामी येते.

पण रेल्वेची वाट स्टेशनापर्यंतच पक्की होती. स्टेशनापासून वावरापर्यंतची वाट कुणीच केली नाही. कापूस लँकेशायरला गेला, त्यातला पहिला प्रवास मात्र बैलांनी चिखलातून केला. त्यानंतर किती रस्ते झाले! आता समृद्धी महामार्ग आमच्याच तालुक्यातून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा सगळा मार्ग पूर्ण झाला. त्या रस्त्याबद्दल माझ्या मनात आकस नाही. रात्री वावरात ओलित करायला गेलं की दूरवर त्याच्यावरून दिव्यांची रांग सरकताना दिसते, ती सुंदर दिसते. फक्त तेव्हा माझ्या पायाखाली तीच सव्वा किलोमीटर पांदण असते.

एकदा हे सगळं मी मोठेबाबांना सांगत होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “चिखलाचं देनं कोनाले चुकलं नाई बाबू. आंधी बैलानं देल्लं, आता गाडी देते.”

ते बोलले त्यात सगळं आलं. वाट जे देणं लागते, ते वाट देत नसेल तर कुणीतरी दुसरा देतो. बैल खांद्यानं देतो. इंजिन क्लच प्लेटनं देतं. शेतकरी मालाच्या भावातून देतो, कारण सप्टेंबरात ज्याचं सोयाबीन वावरातून निघू शकत नाही, तो भाव असताना विकू शकत नाही. आणि बाळंतीण कधी कधी जिवानं देते. मोठे टायर टाकून मी ते देणं फेडलं नव्हतं. फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकलं होतं.

*

मिस्त्रींच्या सांगण्यावरून मी मूळ मापाचे टायर परत टाकले, आणि मागचे दोन खोल खाचांचे घेतले, गट्ट्याचे. माप तेच, नक्षी वेगळी. खाचा रुंद असल्या की फिरताना त्यातला चिखल झटकला जातो. चिखलात दुसऱ्या गिअरमध्ये, एकसारख्या पायानं, न थांबता जायचं हेही त्यांनीच शिकवलं. आणि जाताना म्हणाले, “टायरात पैसा टाकण्यापरीस पांधनीत मुरूम टाका.”

मुरूम टाकणं सोपं नसतं. पांदण गावनकाशावर असते, जमिनीवर ती दोन्ही धुऱ्यांकडून कुरतडलेली असते. एकेक तास करत दोन्ही बाजूंचे नांगर आत आलेले असतात. तिच्यावर हक्क सगळ्यांचा, म्हणून काळजी कुणाचीच नाही. पाणंद रस्त्यांसाठी सरकारी योजना आहेत, कागद फिरतात, काही गावांचे रस्ते झालेही. आमच्या पांदणीतल्या अकरा शेतकऱ्यांनी वाट पाहण्याऐवजी एका उन्हाळ्यात वर्गणी केली. धुरे मागं घेण्यासाठी चार बैठका झाल्या, एकीत भांडणही झालं. एक जण आपली तीन तास जमीन सोडायला तयार नव्हता, त्याच्या घरी मोठेबाबा स्वतः जाऊन बसले. काय बोलले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच दोरी धरली. त्या उन्हाळ्यात चारशे मीटरवर मुरूम पडला आणि दोन्ही बाजूंना नाली निघाली. पाण्याला जायला जागा मिळाली की निम्मा चिखल होतच नाही, हे तेव्हा कळलं.

चारशे मीटर म्हणजे सव्वा किलोमीटरचा तिसरा हिस्साही नाही. पण आता आमची एक रीत बसली आहे. पावसाळ्यात मी गाडी मुरूम संपतो तिथवर नेतो आणि उभी करतो. पलीकडून, वावराकडून, बंडी येते. बैलजोडी आम्ही विकलेली नाही. मोठेबाबांनी विकू दिली नाही. आधी चाकांचा दाबलेला, ओला आवाज येतो, मग घुंगरं, मग बैलांची तोंडं दिसतात. मुरमाला लागताच बंडीच्या चाकाचा आवाज बदलतो. धाव खड्यांवरून करकरते. बंडीचं मागचं तोंड गाडीच्या फाळक्याला भिडवायचं आणि एकेक कट्टा इकडून तिकडं घ्यायचा. मोठं चाक चिखलातून माल आणतं, लहान चाक पक्क्या वाटेनं पुढं नेतं. दोघांनाही आपापलं काम झेपतं. घाई करून कुणी कुणाची जागा घेत नाही.

काढलेले मोठे टायर विकले. एक कुणी घेतला नाही, तो गोठ्यात जुन्या धावेशेजारी टेकून ठेवला आहे. सुतळी तिथंच खुंटीला आहे, दोन गाठींची. मागच्या उन्हाळ्यात आणखी साठ मीटर मुरूम पडला. या वर्षी पावसात गाडी उभी करायची जागा तेवढी आत सरकली, लिंबाच्या अलीकडे. जिथं गाडी नेहमी अडकायची तो लिंब आता समोर दिसतो. बंडी रिकामी होऊन वळली की बैलांना मी क्षणभर त्याच्या सावलीत थांबवतो.